चीनमध्ये पैसे मुलीच्या घरी जातात, आपल्याकडे मुलाच्या: लग्नातल्या देण्याघेण्याचा हिशेब



"चीनमध्ये म्हणे मुलाकडच्यांनाच पैसे मोजावे लागतात. मग तिथे मुलींना केवढा मान असेल!" हे वाक्य मी गेल्या वर्षभरात तीनदा ऐकलं. एकदा हळदीकुंकवाला, एकदा दुर्गच्या लोकलमध्ये आणि एकदा माझ्या भाचीच्या तोंडून. भाचीचं लग्न ठरत होतं, त्यामुळे तिचं बोलणं नुसतं कुतूहलाचं नव्हतं. तिला मी जे सांगितलं, तेच आज जरा नीट, सविस्तर सांगते.

आधी मी कुठून बोलते ते सांगायला हवं, कारण या विषयात जागेला महत्त्व आहे. मी चरोद्याला राहते. दुर्ग आणि रायपूरच्या मधे, भिलाईला लागून, रेल्वेच्या मोठ्या मार्शलिंग यार्डाच्या आधाराने वाढलेलं हे गाव. १९५६ पर्यंत आमच्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे नागपूर, भंडारा, वर्ध्याकडची मराठी माणसं आधी रेल्वेबरोबर आणि १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटल्यावर कारखान्याबरोबर इकडे येत राहिली. आता तिसरी-चौथी पिढी आहे. लग्नं आपसात होतात तशी छत्तीसगढी घरांतही होतात. मग एकाच मांडवात एक बाजू 'साक्षगंध' म्हणते, दुसरी 'फलदान'. आम्ही आहेर करतो, ते टिकावन करतात. आणि हिंदी बोलणारे शेजारी आहेराच्या पाकिटाला सरळ 'व्यवहार' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. निदान तो काही लपवत नाही.

तर, चीन.

जुन्या चिनी ग्रंथांत लग्नाचे सहा विधी सांगितले आहेत. ऐकताना तुम्हाला आपलंच काहीतरी ऐकल्यासारखं वाटेल. पहिला, मध्यस्थामार्फत मागणी. दुसरा, मुलीचं नाव आणि जन्मवेळ विचारणं. तिसरा, ते जुळतं का हे पाहून शुभ कौल कळवणं. चौथा, मुलाकडून मुलीच्या घरी देणं पोचवणं. पाचवा, तारीख ठरवणं. सहावा, नवऱ्याने स्वतः जाऊन नवरीला घेऊन येणं. मागणी, पत्रिका, गुण जुळणं, साखरपुडा, मुहूर्त, वरात. क्रम जवळजवळ तोच. जुन्या रीतीत या विधींपैकी बहुतेकांना भेट म्हणून रानहंस नेत असत. तो ऋतू न चुकता जातो आणि येतो, आणि जोडीने राहतो, म्हणून. पुढे चहाला हा मान मिळाला. चहाचं रोप एकदा रुजलं की उपटून दुसरीकडे लावता येत नाही अशी समजूत होती. त्यामुळे मुलीने 'चहा घेतला' म्हणजे तिचं लग्न ठरलं, असा वाक्प्रचारच झाला. आपल्याकडे चहापोह्यांनंतरही नकार देता येतो, तिथे चहानंतर संपलं!

चौथा विधी तेवढा लक्षात ठेवा. त्यात जे दिलं जातं त्याला आज चिनी भाषेत 'छायली' म्हणतात. रोख रक्कम, सोन्याचे दागिने, दारू, चहा, मिठाई, दक्षिणेकडे लग्नाचे खास केक. हे सगळं मुलाच्या घरून मुलीच्या आईवडिलांकडे जातं. आपण ऐकतो ती गोष्ट इथेच थांबते. खरी गंमत पुढे आहे.

मुलीकडचे ते सगळं ठेवून घेत नाहीत. आलेल्यातला काही भाग लगेच परत करायचा, ही रीत आहे. कँटनकडे अर्धेअधिक पदार्थ आणि थोडी रोख रक्कम परत पाठवतात. सगळं ठेवून घेणारं घर हावरट ठरतं. शिवाय मुलगी सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर 'च्याच्वांग' जातं. हा शब्द मराठीत आणायला मला अडचण पडली नाही, कारण आपल्याकडे 'आंदण' आहे. रजया, पेट्या, कपडे, भांडी, दागिने, आणि हसू नका, एक झाकणाचं लाकडी मूत्रपात्रसुद्धा. त्याला 'मुलानातवंडांची बादली' म्हणतात. जुन्या काळी बाळंतपणातही ते वापरत, म्हणून ते मंगल. पूर्व चेच्यांग भागात श्रीमंत घरांचं आंदण लाल रंगात रंगवून रस्त्याने मिरवत नेत. आपण रुखवत मांडवात मांडतो, ते गावभर फिरवायचे. एवढाच फरक.

म्हणजे पैसा एका दिशेने जातो आणि वस्तूंच्या रूपाने बराचसा परत येतो. सासरचं देणं बापाच्या हातून मुलीकडेच वळतं. जॅक गुडी या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये याला 'अप्रत्यक्ष हुंडा' म्हटलं. नाव जड आहे. साधं सांगायचं तर, बाप हा मधला पाट आहे, पाणी मुलीच्या शेतात पडायला हवं. बापाने पाट अडवून पाणी स्वतःच्या विहिरीत वळवलं, की त्याच रिवाजाचा सौदा होतो. गरीब घरांत हे होत आलं. बहिणीच्या लग्नात आलेल्या पैशातून भावाच्या लग्नाची छायली भरायची, ही चीनच्या खेड्यांतली आजही चालणारी गोष्ट आहे.

म्हणून मी भाचीला म्हटलं, पैसे कोणत्या बाजूने निघाले हे विचारू नकोस. ते शेवटी कोणाच्या हातात थांबले, ते विचार.

आता आपल्याकडे वळू. आपल्यातल्या अनेकांना वाटतं की हुंडा सनातन आहे. तसं नाही. मराठीत 'देज' हा शब्द आहे. नवऱ्याच्या घरून मुलीच्या बापाला मिळणारी रक्कम म्हणजे देज. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जातींत तीच रीत होती. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी आमच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ काढला. त्यात जातीमागून जातीत मुलीचं मोल देण्याच्या नोंदी आहेत. आमच्या छत्तीसगढातल्या गोंडांत ज्याच्याजवळ देण्यासारखं काही नाही, तो मुलगा सासऱ्याच्या घरी काही वर्षं राबायचा. त्याला लमसेना म्हणतात. आणि एका पिढीत आपण मुलगी दिली, तर पुढच्या पिढीत त्या घरची मुलगी आपल्याकडे यावी, या रीतीला 'दूध लौटाना' म्हणतात. दूध परत करणं! मुलगी जाणं म्हणजे घराचं काही कमी होणं, आणि ते कधीतरी भरून यायला हवं, ही भावना त्या दोन शब्दांत आहे.

ब्राह्मणांतही हे होतं, बरं का. पेशव्यांच्या रोजनिशांवर लिहिताना न्यायमूर्ती रानड्यांनी वाई प्रांतातल्या एका हुकमाचा उल्लेख केला आहे: मुलगी देताना कोणी पैसे घ्यायचे नाहीत. घेणाऱ्याला दुप्पट दंड, देणाऱ्याला तेवढाच दंड, आणि मधल्या दलालाची दलालीही जप्त. हुकूम काढावा लागला, म्हणजे पैसे घेतले जात होते. पुढे १८९९ साली देवलांचं 'शारदा' रंगभूमीवर आलं. त्यातला कांचनभट पैशासाठी पोटची मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघतो. नाटकातला लोभी माणूस हुंडा मागणारा नवरदेव नाही, पैसे घेणारा बाप आहे. आज आपण हे नाटक पाहतो आणि हा तपशील डोळ्यांसमोरून निसटतो.

म्हणजे पैसे मुलीच्या बापाकडे जात होते म्हणून शारदेला मान होता का? उलट ती विकली जात होती. चीनचं कौतुक करणाऱ्यांना मी आधी शारदेची आठवण करून देते.

मग दिशा उलटली कशी? समाजशास्त्रज्ञ म. न. श्रीनिवास यांनी १९८०च्या दशकात मांडलं की आजचा हुंडा हा जुन्या कन्यादानाचा किंवा स्त्रीधनाचा वारसा नाही. इंग्रजी शिक्षण, पगारी नोकरी आणि शहर यांतून तयार झालेली ती नवऱ्या मुलाची किंमत आहे. मला हे पटतं, कारण हे मी पाहिलं आहे. आमच्याकडे एक शब्द होता, 'परमनंट'. मुलगा परमनंट आहे, एवढं म्हटलं की पुढचं बोलणं सुरू व्हायचं. गावी ज्या घरांत आजीच्या लग्नात देज घेतली होती, त्याच घरांत नातीच्या लग्नात हुंडा द्यावा लागला. शेतात राबणारी सून घरात येते तेव्हा दोन हात येतात, तिचं मोल द्यावं लागतं. पगारावर चालणाऱ्या क्वार्टरमध्ये मोल पगाराला आलं.

आणि आता चीनमधली अशी एक गोष्ट, जी वाचून मी खरंच थबकले होते. १९५० मध्ये नव्या चीनने विवाहाचा कायदा केला आणि लग्नाच्या निमित्ताने पैसे उकळण्यावर बंदी घातली. देणं थांबलं का? नाही. १९७०च्या दशकात लग्न ठरवताना मुलाकडून चार वस्तू अपेक्षित असत. तीन फिरणाऱ्या आणि एक वाजणारी: घड्याळ, सायकल, शिलाई मशीन आणि रेडिओ. मंडळी, ही यादी तुम्ही कुठे ऐकली आहे? आपल्या वडील पिढीच्या लग्नांत नवरदेव ज्या गोष्टींसाठी रुसून बसायचे, ती हीच यादी! सायकल, घड्याळ, रेडिओ. त्याच दशकातल्या, तितक्याच दुर्मिळ, तितक्याच मिरवायच्या वस्तू. तिथे त्या मुलीकडे जात होत्या, इथे मुलाकडे. शिलाई मशीन तेवढं दोन्हीकडे बाईच्याच वाट्याला यायचं, कारण त्यावर काम तिनेच करायचं होतं. १९८०च्या दशकात तिथली यादी रंगीत टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन अशी झाली. पुढे फ्लॅट आणि मोटार. आपलीही यादी याच पायऱ्यांनी चढली.

आता तिथे रक्कम इतकी का फुगली? एक मूल धोरण १९७९-८० च्या सुमारास आलं आणि २०१५ पर्यंत चाललं. मुलगाच हवा या हट्टापायी मुली जन्मालाच आल्या नाहीत. २०२० च्या जनगणनेत चीनमध्ये स्त्रियांपेक्षा पुरुष सुमारे साडेतीन कोटींनी जास्त निघाले. खेड्यातल्या गरीब मुलाला मुलगी मिळेना, आणि छायलीची रक्कम घराच्या कित्येक वर्षांच्या कमाईइतकी झाली. हे दूरचं वाटू देऊ नका. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. लोक हसले. मला हसू आलं नाही. मुलींची संख्या घटली की मुलींना मान मिळेल असं काहींना वाटतं. चीनने दाखवून दिलं की मान नाही, भाव वाढतो.

मात्र एका चिनी अभ्यासकाचं म्हणणं या सगळ्याला वेगळं वळण देतं. यान युनश्यांग. ते १९७०च्या दशकात ईशान्य चीनमधल्या श्याच्या नावाच्या खेड्यात शेतकरी म्हणून राहिले होते, आणि पुढे मानववंशशास्त्रज्ञ होऊन त्याच गावात परतले. त्यांना दिसलं की मोठी छायली मागण्यात बाप मागे पडला आहे आणि मुलगी स्वतः पुढे आली आहे. होणारा नवराही आतून तिच्याच बाजूने असतो! कारण ती रक्कम आता बापाकडे थांबत नाही, नव्या जोडप्याच्या संसाराला मिळते. म्हणजे मुलगा आपल्याच आईवडिलांकडून वाटणी आधी काढून घेतो, बायकोच्या तोंडून. हे चांगलं की वाईट? म्हाताऱ्या आईबापांची कमाई त्यात संपते, हे खरं. पण निदान त्या हिशेबात मुलगी वस्तू नाही, हिशेब करणारी आहे.

याच यान यांनी गावातल्या घराघरांतल्या आहेराच्या वह्या अभ्यासल्या. हो, तिथेही वही असते. दारातच टेबल, त्यावर लाल वही, आणि सुंदर अक्षराचा एक वयस्कर माणूस नाव आणि रक्कम लिहीत बसलेला. आपल्या लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात काका बसतात ना, तसाच. ही वही वर्षानुवर्षं जपतात. उद्या त्यांच्याकडे कार्य निघालं की वही काढायची आणि मिळालं त्याहून थोडं जास्त न्यायचं. अगदी तेवढंच परत केलं तर हिशेब मिटवल्यासारखं होतं, नातं संपवल्यासारखं होतं. आपल्याकडे ५०१ मधला तो वरचा एक रुपया असंच काहीतरी सांगतो: खातं बंद करायचं नाही. चिनी पाकीट मात्र लाल आणि रक्कम सम हवी, कारण शुभ गोष्टी जोडीने येतात. आठ आणि सहा चालतात. चार नको, त्याचा उच्चार मृत्यूसारखा आहे. तरीही छायलीत कधी कधी दहा हजार एक युआन देतात. अर्थ, दहा हजारांत निवडलेली एक. तो वरचा 'एक' तिथेही आलाच. सिंगापूरला वगैरे असलेल्या आपल्या मुलांसाठी एक सूचना: चिनी मित्राच्या लग्नात पांढरं पाकीट देऊ नका, आणि भिंतीवरचं घड्याळ तर मुळीच नको. 'घड्याळ भेट देणं' आणि 'शेवटचा निरोप देणं' यांचा तिथे उच्चार एकच आहे.

आमच्या छत्तीसगढी शेजाऱ्यांचं टिकावन मला या सगळ्यात स्वच्छ वाटतं. नवरा-नवरी मांडवात एकत्र बसतात, पाहुणे येऊन पिवळे तांदूळ कपाळाला लावतात आणि भेट त्या दोघांच्या पुढ्यात ठेवतात. आईवडील पचहर देतात, म्हणजे पाच भांडी. आता त्या पाचाच्या शेजारी कपाट, गादी, मोटारसायकलही दिसते, ते सोडा. पण वस्तू कोणाला दिली हे शंभर माणसं पाहतात.

कारण भांडण तिथेच होतं. रीत कुठलीही असो, दोन-चार वर्षांनी प्रश्न एवढाच उरतो की हे कोणाचं. चीनमध्ये थांग काळापासूनचा नियम होता: भाऊ वाटण्या करतील तेव्हा बायकांच्या माहेरून आलेली मालमत्ता त्या वाटणीत धरायची नाही. आपल्या स्त्रीधनाचाच तो चिनी भाऊ. पुढे युआन आणि मिंग काळात कायदा उलटला. विधवेने दुसरं लग्न केलं तर आंदण पहिल्या सासरीच ठेवून जायचं. आजही तिथे कोर्टात हाच वाद चालतो. २००३ च्या न्यायिक खुलाशानुसार लग्नाची नोंदणी झाली नाही, नोंदणी होऊनही जोडपं एकत्र राहिलं नाही, किंवा देणाऱ्याची जगण्याचीच अडचण झाली, तर छायली परत मागता येते. १ फेब्रुवारी २०२४ पासून त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाचे नवे नियम लागू झाले. सणावाराच्या छोट्या भेटी छायली धरायच्या नाहीत, आणि किती परत करायचं ते जोडपं किती काळ एकत्र राहिलं, मूलबाळ आहे का, पैसे कशावर खर्च झाले हे पाहून ठरवायचं.

आपल्याकडे १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा आहे, तो सगळ्यांना नावाने माहीत असतो. त्यातली तीन कलमं मात्र क्वचितच कोणी सांगतं. पहिलं, हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, पण मागणी नसताना, रिवाजाप्रमाणे आणि ऐपतीच्या मर्यादेत दिलेल्या भेटी हुंड्यात मोडत नाहीत. अट अशी की त्यांची यादी केलेली हवी. दुसरं, नवरीच्या नावाखाली दुसऱ्या कोणी हुंडा घेतलाच असेल, तर तो तीन महिन्यांच्या आत तिच्या हवाली करायला हवा. तिसरं, १९८५ चे नियम. २ ऑक्टोबर १९८५ पासून ते लागू आहेत आणि त्यांत ही यादी कशी करायची ते दिलं आहे. त्याच वर्षी प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन हे पूर्णपणे बाईचं आहे. सासरी कपाटात ठेवलं म्हणून ते सासरचं होत नाही. ते त्यांच्याकडे विश्वासाने ठेवलेलं आहे, आणि परत दिलं नाही तर तो विश्वासघाताचा गुन्हा होतो.

भाचीच्या लग्नात मी हट्टाने ही यादी करायला लावली. बहीण म्हणाली, "अगं, काय वाटेल व्याह्यांना? भरवसा नाही म्हणतील." हा सगळ्यांचाच अडथळा असतो. मी म्हटलं, साक्षगंधाच्या वेळी मानपानाची याद लिहून दोन्हीकडचे सही करतात, तेव्हा कोणाला काही वाटत नाही. विहिणीला कोणती साडी हे कागदावर चालतं, तर मुलीच्या बांगड्या का नाही? व्याही छत्तीसगढी, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "लिख लो बेटी, हमारे यहां भी टिकावन लिखा जाता है." विषय संपला.

यादी अशी करायची. नवरीला मिळालेल्या भेटींची वेगळी आणि नवरदेवाला मिळालेल्यांची वेगळी. नवरीची यादी नवरीने ठेवायची, सासूने किंवा आईने नाही. लग्नाच्या वेळीच, किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर लिहायची. प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, आणि नातेवाईक असेल तर नातं. खाली नवरा-नवरी दोघांच्या सह्या, सही येत नसेल तर अंगठा. नियम एवढंच मागतात. माझ्याकडून दोन गोष्टींची भर: सोन्याचं वजन पावतीवरून लिहा, नुसतं 'एक हार' लिहू नका. आणि काकांची आहेराची वही आणि ही यादी एकत्र करू नका. वही घराची असते, पुढच्या कार्याला लागते. यादी मुलीची आहे, ती तिच्या बॅगेत जाऊ द्या.